बसाक्का पाटलीण होते

गावात सिनेमा आला तो बसम्माच्या मिरच्यांवरून आला.

शहाण्णव सालचा उन्हाळा होता. कागलपासून आत, कर्नाटकाच्या शिवेला टेकलेल्या त्या गावात बसम्मानं दारापुढच्या अंगणात संकेश्वरी मिरची वाळत घातली होती. कोल्हापूरहून आलेल्या एका मेटॅडोरला वळायला जागा मिळेना, म्हणून ती सरळ अंगणात शिरली आणि मागची चाकं मिरच्यांवर चढवून थांबली. बसम्मा त्या वेळी आत, तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसलेली. पूजेत बोलायचं नसतं. खिडकीतून सगळं दिसत होतं, नाकात मिरचीचा खाट चढत होता, पण बाईनं ओठ हलवला नाही. भस्म लावलं, बेल वाहिला, लिंग पुन्हा गळ्यातल्या चांदीच्या डबीत ठेवलं, आणि मग पदर खोचून ती बाहेर आली. बांध फुटल्यावर पाणी येतं तशी.

"कुणाच्या बानं बांधलाय रं ह्यो रस्ता? डोळं कपाळात हाईत का गुडघ्यात? आज अंगणात गाडी घातलीस, उद्या चुलीवर घालशील! उतर खाली! एकेक मिरची येच, आणि सांडलेलं बी जिभेनं टीप!"

ड्रायव्हर स्टेअरिंगखाली गेला. सिनेमाची सगळी जमवाजमव बघणारा बाळासो हात जोडून पुढं आला. "मावशी, चुकलं..."

"मावशी म्हणू नगंस. तुझ्या आईला भन असंल, तिला म्हण जा."

गाडीतून एक पांढऱ्या दाढीचा, टोपीवाला माणूस उतरला आणि माफी मागायची सोडून बसम्माकडं नुसता बघत राहिला. तो डायरेक्टर. "बाई," तो म्हणाला, "हे सगळं पुन्हा एकदा म्हणाल?"

बसम्मानं त्याला टाचेपासून टोपीपर्यंत न्याहाळलं. "का? पयल्या येळंला पोट भरलं न्हाय?"

"बाळासो," डायरेक्टर मागं न बघताच म्हणाला, "आपली पाटलीण सापडली."

सिनेमा होता सव्वाशे वर्षांमागच्या गावाचा. दुष्काळ पडलेला, देवळात भंडारा घातलेला. वरच्या पंगतीला बडी माणसं, आणि आवाराच्या कडेला, उन्हात, खालची पंगत. वरची पंगत उठायच्या आधीच खालची माणसं भुकेपोटी पानं मांडून बसतात. पाटलीण वाढप घेऊन येते, बघते, आणि त्यांना रिकाम्या पानावरून उठवते. एवढाच प्रसंग. पण सगळा सिनेमा तिथं वळतो, असं डायरेक्टरनं सांगितलं. बोलायचं एकच वाक्य: "उठवा ह्यांना. वरची पंगत उठल्याशिवाय खालची बसली कशी?"

एक का असेना, वाक्य होतं. गावात दुसऱ्या कुणालाच वाक्य नव्हतं.

बसम्मा कन्नड शाळेत दोन इयत्ता गेलेली, पण जिभेला शाळा लागत नाही. नवरा होता तोवर त्याच्यावर, तो गेल्यावर मुलगा सोमशेखरवर, आणि लग्न करून पवित्रा आली तशी तिच्यावर, असा तिचा कारभार अखंड चालू होता. गाव तिला बसाक्का म्हणायचं आणि तिच्या दारावरून जाताना चप्पल घसटायचं नाही. त्या आठवड्यात तिनं चावडीशेजारच्या एसटीडी बूथवरून नृसिंहवाडीच्या बहिणीला फोन केला आणि गडमुडशिंगीच्या नणंदेला तर दोनदा केला. नणंदेनं पहिल्यांदा ऐकून "बरं" एवढंच म्हटलं होतं, आणि "बरं" म्हणजे विश्वास नाही हे बसम्माला पक्कं ठाऊक.

देवळाच्या आवारात शूटिंगची तयारी सुरू झाली तेव्हा पहिला घोळ झाला तो पंगतींचा. डायरेक्टरच्या हाताखालची क्रांती म्हणून एक पोरगी होती, कोल्हापूरचीच, पँट घालायची आणि बोलायला खमकी. तिनं सांगून टाकलं, "कोण कुठं बसणार हे आडनावावरनं ठरणार नाही. ज्याला जिथं वाटेल तिथं बसा."

झालं. सगळं गाव वरच्या पंगतीत. खालच्या पंगतीला चिटपाखरू नाही. जी माणसं तीन पिढ्या त्या आवाराच्या कडेपुढं येऊ शकली नव्हती तीही म्हणाली, आता कुठं आलोय तर वरच बसतो. त्यांचं तरी काय चुकलं? बाळासोनं डोकं खाजवलं. पण तो सिनेमाच्या धंद्यात केस पांढरे केलेला माणूस. कर्ण्यातून म्हणाला, "ऐका! वरची पंगत लांबनं दिसणार. खालच्या पंगतीचं एकेकाचं तोंड कॅमेरा जवळनं घेणार. पडद्याएवढं!"

अशी पळापळ झाली की दोन बायांच्या बांगड्या फुटल्या. ज्ञानू पाटील, म्हणजे गावचा खराखुरा पाटील, शहाण्णव कुळी, धोतर सोडून लंगोटीवर खालच्या पंगतीत पहिला जाऊन बसला, आणि कुणी सरक म्हटलं तर गुरगुरायला लागला. आता वरची पंगत ओस. शेवटी युनिटचीच माणसं पागोटी बांधून वर बसवावी लागली.

खालच्या पंगतीत मधोमध तानाबाई बसली. तानाबाई बसम्माच्या वयाची, खालच्या आळीतली. बसम्माच्या रानात मिरची तोडायला, भांगलायला ती आणि बसम्मा एका सरीला लागून इतकी वर्षं वाकल्या होत्या की पाठीचं दुखणंसुद्धा दोघींचं एकाच बाजूला होतं. तिच्या आळीला आता बुद्धविहार झालेला, तिचा थोरला पोरगा तिथं दर रविवारी वंदना सांगायचा. बोलण्यात ती बसम्माला उधार ठेवायची नाही.

"आक्का, लई सोनं घातलंस की गं," ती पानावरून ओरडली. "पितळ म्हणावं का पाटलीण?"

"तुझ्या डोळ्यात मोतीबिंदू म्हणावं," बसम्मा उलटली. नऊवारी, नथ, गळ्यात खोटी पुतळ्यांची माळ. कपडेवाल्या बाईनं चांदीची डबी काढून ठेवा म्हटल्यावर बसम्मानं तिच्याकडं असं बघितलं होतं की तिनं स्वतःच ती पोलक्याच्या आत सरकवून दिली.

त्याहून मोठी पंचाईत झाली ती रुद्रय्यास्वामींची. ते गावातले जंगम, लिंगायतांच्या घरची लग्नं-पूजा करणारे. अंगानं थोराड, कपाळ भव्य, म्हणून त्यांना देवळाचा पुजारी केला आणि खांद्यावर जानवं अडकवलं.

"बसम्मा," ते हळूच म्हणाले, "गळ्यात लिंग हाय, वर हे जानवं. देवाचा घोटाळा व्हईल न्हवं?"

"व्हईना का. एका अंगानं मारलेली हाक न्हाय ऐकली, तर दुसऱ्या अंगानं मारा."

जेवण खरंच शिजवायचं ठरलं होतं. रिकाम्या भांड्यातून वाफ निघत नाही, असं डायरेक्टर म्हणाला. मग हुग्गी बसम्माशिवाय दुसरं कोण करणार? खपली गहू सडून, गूळ, खोबरं, खसखस घालून केलेली ती दाटसर खीर. बसवजयंतीला बसम्माच्या दारात दासोह व्हायचा, म्हणजे येईल त्याला जेवण, आणि त्या हुग्गीसाठी सीमेपलीकडची माणसंसुद्धा चालत यायची. पहाटेपासून ती मोठ्या हंड्यापुढं उभी होती. पाटलिणीची नथ घालून.

मग कॅमेरा लागला. सगळीकडं चिडीचूप. बसम्मा हुग्गीचं पातेलं आणि पळी घेऊन निघाली. ठरल्याप्रमाणं वरच्या पंगतीवरून चालत खाली आली, ठरल्याप्रमाणं तानाबाईच्या रिकाम्या पानापुढं थांबली, तोंड उघडलं, आणि पळीभर हुग्गी पानावर वाढून पुढं सरकली.

"कट!" डायरेक्टर ओरडला. "बाई, वाढायचं नाहीये! उठवायचंय!"

"वाढलं व्हय मी?" बसम्मानं पळीकडं बघितलं. तिला खरंच कळलं नव्हतं. इतकी वर्षं पंगतीत वाढणाऱ्या बाईचा हात रिकाम्या पानावर आपोआप जातो, शिंक आल्यावर डोळा मिटतो तसा. "बरं, आता ध्यानात ऱ्हाईल."

नवी पानं मांडली. वाढलेली हुग्गी तानाबाईनं तोवर संपवली होती. टाकायची कशी?

पुन्हा कॅमेरा लागला. या खेपेला बसम्मानं दात आवळून तानाबाईचं पान ओलांडलं, आणि तोंड उघडून "उठवा ह्यांना" म्हणतानाच शेजारच्या ज्ञानूच्या पानावर पळी रिकामी केली. "उठवा ह्यांना," असं ती म्हणाली आणि वाढत राहिली, "वरची पंगत... ज्ञानू, अजून घे... खालची बसली कशी?"

आवारात हसण्याचा भडका उडाला. कॅमेऱ्यामागचा माणूस डोळे पुसायला लागला. डायरेक्टर हसला नाही, पण त्याची दाढी हलली.

मग पळीच काढून घेतली, तर तिनं पातेलं कलतं केलं. पातेलं काढून घेतलं, तर रिकाम्या हातानं पंगतीकडं बघून तिच्या तोंडातून आपसूक "सावकाश होऊ द्या" निघालं. दर खेपेला कुणीतरी मागून पानं वाढून टाकायचं, कारण एकदा एकाला मिळाल्यावर बाकीची माणसं काय डोळे वटारून बसतील? आणि दर खेपेला खालची पंगत सगळं चाटून पुसून मोकळी. भुकेकंगाल दिसायला म्हणून गालांना काजळी लावलेली, तिच्यावरून घामाचे ओघळ. ओठ गुळानं चकचकीत. सहाव्या का सातव्या खेपेला, सगळं शांत असताना, ज्ञानूनं अशी ढेकर दिली की वरच्या पंगतीतल्या एकाचं पागोटं हसण्यानं सुटलं.

"दुष्काळ पडलाय!" डायरेक्टर ओरडला. "तुम्ही चार दिवस उपाशी आहात!"

"साहेब," ज्ञानू पोटावर हात ठेवून म्हणाला, "त्ये चार दिवस संपलं की आता."

डायरेक्टरनं सगळ्यांना थांबायला सांगितलं. बसम्माला बाजूला घेऊन तो नीटच बोलला. ऊन कलायच्या आत हा प्रसंग झाला पाहिजे. आता एकच खेप. नाही जमलं तर कोल्हापूरच्या एका नटीला फोन केलाय, ती उद्या सकाळी येईल. "तुमचा चेहरा मला हवाय, बाई. पण वाक्य तुमच्या तोंडातून निघत नाही त्याला मी काय करू?"

बसम्मा काही बोलली नाही. ती बोलली नाही हे बघून पवित्रा घाबरली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. "आत्ती, बरं वाटत न्हाय का?"

"मला काय धाड भरलीया!" बसम्मा डाफरली आणि देवळामागच्या लिंबाखाली जाऊन बसली. नणंदेचा तो "बरं" कानात वाजायला लागला. उद्या सगळं गाव म्हणणार, बसाक्काची जीभ आयत्या वेळी चघळून टाकलेल्या उसाच्या चोयटीसारखी झाली.

थोड्या वेळानं तानाबाई आली. काजळी लावलेली, फाटक्या लुगड्यात, पोट धरून. धप्पकन शेजारी बसली.

"काय झालं गं तुला? भाजीवाल्याला कापून काढतीस, आणि हितं चार शब्द न्हाईत जमत?"

"न्हाय जमत." बसम्मानं गुडघ्यावर हनुवटी टेकली. "आमच्यात तसं न्हाय बघ. पानावर आलेलं माणूस म्हंजे शिव. त्याला उठवायचं म्हंजे शिवाला उठवायचं. बसवण्णानं सगळ्यास्नी एका पंगतीत बसवलं. आमच्या दारातनं आजवर कोण उपाशी गेलंय, सांग."

तानाबाईनं लिंबाची एक काडी उचलून दात कोरले. घाई केली नाही.

"उपाशी कोण गेलं न्हाय, खरं हाय. पण आक्का, एक सांगू? इतकी वर्सं तुझ्या दासोहाला येतो आमी. उन्हं कलल्यावर. तुमची समदी पंगत उठल्यावर." तिनं काडी टाकली. "तुझी हुग्गी गरम असती, हे मला आज कळलं."

बसम्मानं हनुवटी गुडघ्यावरून उचलली.

"आणि दुसरं," तानाबाई म्हणाली. "ह्या डायरेक्टरला वाटतं ही गोष्ट त्यानं बनवलीया. माझ्या आजीला ह्याच आवारातनं उठवलीती. पोटूशी हुती. रिकामं पान हातात घिऊन घरला गेली. मरस्तोवर सांगत हुती."

"कुणी उठवलं?"

"नाव घिऊन काय करतीस?" तानाबाईनं तिच्याकडं बघितलं. "आडनाव तुझंच येतंय."

लिंबावर कावळे भांडत होते. पलीकडं कर्ण्यातून बाळासो कुणाला तरी पंगतीत झोपू नका म्हणून सांगत होता.

"खोटं," बसम्मा म्हणाली. पण ती जोरात म्हणाली नाही, आणि मग पुन्हा म्हणालीही नाही. "मग मी कसं म्हणू गं ते? तुझ्याच तोंडावर?"

"तसंच म्हण की! मी कशाला बसलेय उन्हात? पाटलीण जर गोड वाढत सुटली, तर बघणाऱ्याला वाटंल लई झकास हुतं तवा. आमच्या आजीचं खोटं पडंल." तानाबाई जवळ सरकली. "आणि वरडू नगंस. तू वरडलीस की समदं गाव हसतं, कारण समद्यास्नी ठावं हाय, ही वरडती म्हंजे हिच्या मनात काय न्हाय. आजी सांगायची, ती बाई वरडली न्हवती. हळू बोलली. हसून. गाईला बाजूला हो म्हणावं तसं. म्हणून जास्त लागलं."

बसम्मानं उभ्या जन्मात कुठलीही गोष्ट हळू म्हटली नव्हती. ती उठली, लुगडं झटकलं. "चल," म्हणाली. "आणि मला हसवलंस तर तुझ्या आजीची आण."

पानं मांडली. पातेलं, पळी, सगळं परत तिच्या हातात दिलं, कारण डायरेक्टर म्हणाला, असूच दे, व्हायचं ते होईल. क्रांतीनं पाटी वाजवली.

बसम्मा वरच्या पंगतीवरून आली. तानाबाईच्या पानापुढं थांबली. पळी पातेल्यात होती. बोटं पळीवर होती. वाफ दोघींच्या मध्ये वर चढत होती. बसम्मानं खाली बघितलं, ओठाला जरासं, अगदी सणासुदीला आल्यागेल्याला हसतात तसं हसू आणलं, आणि म्हणाली,

"उठवा ह्यांना."

कुणाच्या अंगावर ती आली नाही. आवाज नुसता भुईवर ठेवला.

"वरची पंगत उठल्याशिवाय... खालची बसली कशी?"

ज्ञानू पाटील पहिला उठला. त्याला कुणी खूण केली नव्हती. त्याची ढेकर, त्याचं हसू कुठल्या कुठं गेलं, आणि लंगोटीवरचा तो तालेवार माणूस मान खाली घालून बाजूला झाला. मग एकेक जण. तानाबाई सगळ्यात शेवटी उठली. तिनं रिकामं पान उचललं, पुसलं, घडी घालून पदरात धरलं आणि पाटलिणीकडं न बघता चालायला लागली.

डायरेक्टर कट म्हणायचं विसरला. क्रांतीनं त्याच्या दंडाला हात लावला तेव्हा म्हणाला.

मग टाळ्या. बाळासोनं टोपी उडवली. पण बसम्मा जागची हलली नाही. पळी तशीच धरून उभी, आणि नथीवरून पाणी गळतंय. पवित्रानं सासूला रडताना कधी बघितलं नव्हतं. तिला वाटलं वाफ असेल.

"बसा रं समदी!" बसम्मा एकदम गरजली, आपल्या खऱ्या आवाजात, आणि देवळावरची पारवी उडाली. "बसा खाली! तानाबाई, बस! गरम हाय तोवर!"

"नगं गं बाई!" तानाबाई लांबूनच हात जोडून म्हणाली. "आता एक घास गेला तर पोरगं व्हईल मला!"

आवार पुन्हा हसायला लागलं. तानाबाई परत आली. तिनं बसम्माच्या हातातली पळी काढून घेतली. "सकाळधरनं तुझ्या पोटात काय न्हाय. समद्यास्नी घातलंस, सोता न्हाय खाल्लंस. बस."

"मी?"

"मग काय डायरेक्टर? बस हितं." आणि तिनं पदरातलं पान काढून भुईवर, खालच्या पंगतीच्या जागेवर मांडलं.

आता हसणं विरलं. लिंगायत आळीतल्या चार म्हाताऱ्या देवळाच्या पायरीवर बसल्या होत्या, त्यांच्या माना लांब झाल्या. तानाबाईच्या हातचं, सगळ्या गावादेखत, बसम्मानं कधी घेतलं नव्हतं. रानात भाकरी खाताना दोघींच्या मध्ये बांध असायचा. बांध आहे म्हणून आहे, असं दोघी समजायच्या. बसम्मानं पायरीकडं बघितलं. मग तिनं नऊवारीचा काचा सावरला आणि उन्हात मांडी घालून बसली.

"वाढ. आणि हात आखडू नगंस, हुग्गी माझी हाय."

तानाबाईनं वाढली. बसम्मानं पहिला घास घेतला. कुणीतरी शेजारी जड अंगानं बसलं. बघते तर रुद्रय्यास्वामी, जानवं तसंच खांद्यावर, पान पुढं करून. "मला बी वाढ, तानाबाई," ते म्हणाले. "दोन देवांचा भार हाय अंगावर, भूक लई लागलीया."

पायरीवरची एक म्हातारी काहीतरी पुटपुटत घरी गेली. उरलेल्या तिघी आधी तिच्या पाठीकडं आणि मग हंड्याकडं बघत राहिल्या, आणि हंडा जिंकला.

पुढच्या बसवजयंतीला बसम्माच्या दारात पहिल्या पंगतीत खालची आळी बसली. त्यावरून भाऊबंदकीत आठ दिवस धुसफूस झाली. सोमशेखर म्हणाला, आई, कशाला उगीच. बसम्मानं त्याला असं काही सुनावलं की त्यानं आठ दिवसांची धुसफूस एका दिवसात मिटवली. तानाबाईनं मात्र तक्रार केलीच. हुग्गी एवढी गरम होती की तिची जीभ पोळली.

सिनेमा आला तो वर्षभरानं. कोल्हापुरात एका टॉकीजला लागला, आणि गावानं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून तिथं चाल केली. गडमुडशिंगीच्या नणंदेला बसम्मानं मुद्दाम शेजारच्या खुर्चीत बसवलं. दुसऱ्या अंगाला तानाबाई.

पंगत आली. पडद्यावर पाटलीण आली, हसली, बोलली. मग तानाबाईचं तोंड आलं, खरंच पडद्याएवढं, आणि ती पान घडी घालताना दिसली. खुर्चीतली तानाबाई आपल्याच तोंडाकडं बघत राहिली. तिनं बसम्माचं मनगट घट्ट धरलं होतं. कशासाठी ते दोघींनाही ठाऊक नव्हतं.

"मुडदा बशिवला पाटलिणीचा!" मागच्या रांगेतून एक बाई कळवळून म्हणाली. "किडं पडतील हिच्या तोंडात!"

नणंद खुदकन हसली. बसम्मा ताठ बसून राहिली.

खेळ सुटला आणि दरवाज्यात गाठ पडली. ती मागची बाई कागलकडची, अंगानं दणकट, डोळे रडून लाल झालेले. तिनं बसम्माला बघितलं आणि बोटच रोखलं. "हीच! हीच ती! लाज न्हाय वाटली व्हय गं तुला? भुकेल्या बाईला पानावरनं उठवतीस?"

गर्दी फिरली. पुढच्या खेळाला रांगेत उभी राहिलेली माणसंही वळली. बसम्मानं तोंड उघडलं, आणि गावच्या लोकांनी बाजूला व्हायची तयारी केली. पण तानाबाई मध्ये आली.

"ओ पावणं," ती म्हणाली, "हिला काय बोलू नगासा. हिला मीच शिकवलंय ते."

बाई गोंधळली. तानाबाईकडं नीट बघितलं. "तू... तू तर उठलीस न्हवं पानावरनं?"

"व्हय. म्हणूनच."

त्या बाईचं रोखलेलं बोट खाली आलं. बसम्मा पुढं सरसावली आणि त्या परक्या बाईचा हात हातात घेतला.

"तुझं बरोबर हाय गं बाई. पण शिव्या नीट घाल की! किडं पडतील ह्ये काय बोलणं झालं? किडं तर वांग्यात बी पडत्यात." तिनं पदर खोचला. "ऐक. आगं ये पाटलिणी! भुकेल्या माणसाच्या पानावरनं तू शिवाला उठवलंस, तुझ्या चुलीला जाळ लागंल पण दूध उतू जायचं न्हाय! तुझ्या दाराला तोरण बांधशील ते बांधता बांधता सुकंल! आडनाव माझंच हाय तुझं, म्हणून सांगते..."

टॉकीजसमोरचा भेळवाला हात थांबवून ऐकायला लागला. कागलची बाई आधी थिजली, मग हसली, मग पदर खोचून स्वतःही सामील झाली. रांगेतली माणसं पुढं सरकायचं विसरली आणि दारातला तिकीट फाडणारा त्यांना आत चला, आत चला म्हणून विनवायला लागला. नणंदेचं तोंड उघडं पडलेलं. दोघी बायांनी पाटलिणीची नथ, बांगड्या, गोठ्यातल्या म्हशी, काही काही सोडलं नाही.

"आक्का," तानाबाईनं तिचा पदर ओढला, "चल की गं. ट्रॉली सुटंल."

"सुटू दे," बसम्मा म्हणाली. "अजून पाटलिणीची सासू ऱ्हायलीया."